आमचे गाव नदीपलीकडच्या गटात गेले आहे. हरकत कशी मांडावी?

प्रश्न: ग्रामपंचायत सदस्य, पश्चिम महाराष्ट्र (१६ जुलै २०२५)

सर्वांना नमस्कार. जिल्हा परिषदेच्या निवडणूक विभागांची, म्हणजे गटांची, आणि पंचायत समितीच्या निर्वाचक गणांची प्रारूप रचना परवा, १४ जुलैला प्रसिद्ध झाली. तहसील कार्यालयाच्या फलकावर लावलेला नकाशा काल मी समोर उभा राहून पाहिला, तेव्हा आमचे गाव पूर्वीच्या पूर्वेकडील गटातून काढून नदीपलीकडच्या गटात घातल्याचे लक्षात आले. आमची गट ग्रामपंचायत असून तिच्यात मूळ गाव आणि शेजारचे एक छोटे महसुली गाव अशी दोन गावे येतात. २०११ च्या जनगणनेनुसार दोन्ही गावांची मिळून लोकसंख्या १,९४० आहे. ज्या गटात आम्हाला टाकले आहे त्या गटाच्या आणि आमच्या मध्ये नदी आहे, आणि नदीवर केवळ फरशी पूल आहे. जोराचा पाऊस झाला की तो दोन-दोन, तीन-तीन दिवस पाण्याखाली असतो. आमचा आठवडी बाजार, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि मुलांचे हायस्कूल हे सारे अलीकडच्या बाजूला, म्हणजे जुन्या गटात आहे.

गावात संताप आहे. काहींचे म्हणणे असे की ही रचना कोणा इच्छुकाच्या सोयीसाठी झाली आहे. मला त्याची माहिती नाही, आणि पुराव्याशिवाय तसे लिहिणे योग्य वाटत नाही. हरकतीची शेवटची तारीख २१ जुलै आहे. पाचशे सह्यांचे निवेदन द्यावे असे ग्रामस्थांनी ठरवले आहे, परंतु अशा निवेदनाचा उपयोग होतो का, ही रचना नेमकी कोणत्या नियमाने होते, आणि आमच्यासारख्या कडेच्या गावाचे म्हणणे खरोखर ऐकले जाते का, हे जाणकारांनी सांगावे ही विनंती.

उत्तर: निवृत्त नायब तहसीलदार, निवडणूक शाखेचा अनुभव (१६ जुलै, रात्री)

आपण वेळेत विचारले, परंतु हाताशी दिवस फार थोडे आहेत. उद्याचा गुरुवार, परवाचा शुक्रवार आणि थेट सोमवार, एवढेच कामाचे दिवस आहेत; म्हणून आधी कामाचे सांगतो आणि पार्श्वभूमी नंतर.

सह्यांचे निवेदन जरूर द्या, मात्र केवळ त्याच्या भरवशावर राहू नका. मी सेवेत असताना अशी निवेदने गठ्ठ्यांनी येत असत. ‘आमच्यावर अन्याय झाला आहे’, ‘ग्रामस्थांच्या भावना तीव्र आहेत’ एवढाच मजकूर असेल तर सुनावणीच्या टिपणीत त्यापुढे ‘हरकतीत नियमभंग दर्शविलेला नाही’ असा शेरा पडतो आणि प्रकरण निकाली निघते. भावना खोट्या असतात असे मुळीच नाही, पण नकाशा भावनेवर आखलेला नसतो. तो आकड्यांवर आखलेला असतो आणि त्याला उत्तरही आकड्यांनीच द्यावे लागते.

आकडे असे बसवतात. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम, १९६१ नुसार जिल्हा परिषदेत थेट निवडून येणारे सदस्य कमीत कमी ५० आणि जास्तीत जास्त ७५ असतात. २०२२ मध्ये ही मर्यादा ५५ आणि ८५ अशी वाढवण्यात आली होती, पण त्याच वर्षी ती पुन्हा पूर्ववत करण्यात आली. जिल्ह्याच्या ग्रामीण लोकसंख्येला एकूण जागांनी भागले की सरासरी मिळते, तालुक्याच्या ग्रामीण लोकसंख्येला त्या सरासरीने भागले की तालुक्याच्या वाट्याचे गट ठरतात, आणि प्रत्येक गटाचे दोन गण पाडले जातात. २०११ नंतरच्या जनगणनेचे आकडे हाती नसल्यामुळे चौदा वर्षांपूर्वीचीच लोकसंख्या धरावी लागते, ही या कामातली मोठी अडचण आहे आणि ती कोणा कारकुनाच्या हातची नाही.

समजा, जिल्ह्याची ग्रामीण लोकसंख्या २१,६०,००० आहे आणि जागा ६० आहेत, तर सरासरी ३६,००० येते. तालुक्याची ग्रामीण लोकसंख्या १,४६,००० असेल तर त्याला चार गट मिळतात, आणि तालुक्यापुरती गटाची सरासरी ३६,५०० होते. रचना करताना या सरासरीपेक्षा दहा टक्के कमी किंवा दहा टक्के जास्त एवढी मोकळीक असते. म्हणजे गट ३२,८५० ते ४०,१५० या दरम्यान बसला पाहिजे आणि गण १६,४२५ ते २०,०७५ या दरम्यान. याखेरीज रचनेची सुरुवात उत्तरेकडून करून ईशान्येकडे, मग पूर्वेकडे, तिथून पश्चिमेकडे सरकत शेवट दक्षिणेला करावा, गावे सलग असावीत, शक्यतो ग्रामपंचायत फोडू नये, आणि नदी, मोठे रस्ते, लोहमार्ग अशा नैसर्गिक व ठळक सीमांचा विचार करावा, अशा सूचना असतात. सर्वाधिक लोकसंख्येच्या गावाचे नाव गटाला मिळते. त्यामुळे आपल्या नव्या गटाला पलीकडच्या बाजारगावाचे नाव लागले असेल, तर त्यात आपल्या गावाचा अवमान करण्याचा हेतू नाही.

आपल्या बाजूने ‘नैसर्गिक सीमा’ आणि ‘दळणवळण’ हे दोन मुद्दे भक्कम आहेत. फरशी पूल पाण्याखाली गेल्याच्या तारखा तलाठी कार्यालयातून किंवा ग्रामपंचायतीच्या दप्तरातून मिळवा आणि छायाचित्रे जोडा. पण तेवढ्यावर थांबू नका. आपले गाव काढल्यावर दोन्ही गट आणि चारही गण दहा टक्क्यांच्या मर्यादेत राहतात, हे आपण स्वतः तक्त्यात दाखवले पाहिजे. हे काम हरकतदाराने केले नाही तर त्याच्यासाठी दुसरे कोणी करत नाही. प्रारूपासोबत प्रत्येक गट आणि गणातील गावांची यादी लोकसंख्येसह जोडलेली असते, तिची प्रत घ्या आणि त्या चार गणांचे आकडे इथे कळवा. मी बेरीज करून देतो.

प्रश्नकर्ता (१७ जुलै, दुपारी)

आपले मनापासून आभार. यादीची प्रत मिळाली आणि आपण समजा म्हणून घेतलेली तालुक्याची सरासरी आमच्या तालुक्याच्या अगदी जवळ आहे, त्यामुळे त्याच मर्यादा धरून लिहितो. जुन्या, म्हणजे पूर्वेकडील गटात आता दोन गण आहेत: पहिला १८,४०० आणि दुसरा १८,९००, गट एकूण ३७,३००. पलीकडच्या गटात आमचे गाव धरून पहिला गण १८,०५० आणि दुसरा १८,१५०, एकूण ३६,२००. आम्ही पलीकडच्या पहिल्या गणात आहोत आणि आमची सीमा जुन्या गटाच्या पहिल्या गणाला लागून आहे.

उत्तर: निवृत्त नायब तहसीलदार (१७ जुलै, रात्री)

आकडे पाहिले. गटाच्या पातळीवर अडचण नाही: आपले १,९४० लोक इकडे आणले तर पूर्वेचा गट ३९,२४० होतो आणि पलीकडचा ३४,२६० वर येतो, दोन्ही मर्यादेत आहेत. खरी अडचण गणांच्या पातळीवर आहे, आणि बहुतेक हरकती नेमक्या इथेच पडतात. आपण आलात की पूर्वेचा पहिला गण २०,३४० होतो, म्हणजे २०,०७५ ची मर्यादा ओलांडतो; आणि पलीकडचा पहिला गण १६,११० वर घसरतो, म्हणजे १६,४२५ च्या खाली जातो. आपण नुसते ‘आम्हाला परत घ्या’ म्हणालात तर हेच कारण देऊन हरकत फेटाळता येईल.

म्हणून दोन फेरबदल सुचवावे लागतील. पूर्वेच्या पहिल्या गणातील, दुसऱ्या गणाला लागून असलेले एखादे लहान गाव त्या दुसऱ्या गणात द्यावे. आपण पाठवलेल्या यादीत ६२० लोकसंख्येचे असे एक गाव दिसते. ते सरकवले की पहिला गण १९,७२० आणि दुसरा १९,५२० होतो. पलीकडे दुसऱ्या गणातील ७८० लोकसंख्येचे गाव पहिल्या गणात घेतले की ते अनुक्रमे १६,८९० आणि १७,३७० होतात. सर्व आकडे मर्यादेत बसतात, सलगता टिकते आणि एकही ग्रामपंचायत फुटत नाही. हा तक्ता हरकतीच्या पहिल्याच पानावर ठेवा, पुराची छायाचित्रे दुसऱ्या पानावर आणि सह्या शेवटी. हरकतीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नका. जिल्हाधिकारी आपल्या अभिप्रायासह हरकती विभागीय आयुक्तांकडे पाठवतात आणि निर्णय तिथे होतो, त्यामुळे सुनावणीला स्वतः हजर राहा.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. ज्या दोन गावांना आपण सरकवणार आहात, त्यांच्याशी आधी जाऊन बोला. त्यांना ही गोष्ट कागदावरून कळली तर ते आपल्याविरुद्ध उभे राहतील.

उत्तर: पुण्यात नोकरी करणारा ग्रामस्थ (१८ जुलै)

सर्वांच्या परिश्रमांविषयी आदर राखून एक शंका मांडतो. गट म्हणजे पाच वर्षांतून एकदा मत देण्यापुरती आखलेली रेषा आहे. गाव कोणत्याही गटात असले तरी रस्ता, शाळा, पाणी यांची कामे तालुका आणि जिल्हा पातळीवरच ठरतात. २०२२ पासून जिल्हा परिषदेत सदस्यच नाहीत, प्रशासक कारभार पाहत आहेत, तरी कार्यालये चालूच आहेत. मग एवढा खटाटोप कशासाठी?

उत्तर: माजी पंचायत समिती सदस्या (१८ जुलै)

दादा, आपली शंका प्रामाणिक आहे, म्हणून सविस्तर लिहिते. मी पाच वर्षे एका गणाचे प्रतिनिधित्व केले आहे. माझ्या गणात चौदा गावे होती आणि त्यांतली तीन गावे घाटाच्या दुसऱ्या अंगाला होती. त्या तीन गावांत मी वर्षातून जेमतेम चार वेळा पोहोचत असे, आणि बाकीच्या अकरा गावांत दर महिन्याला. मी त्यांना मुद्दाम दूर ठेवले नाही. पण पंचायत समितीची बैठक आटोपून संध्याकाळच्या एसटीने परतणाऱ्या बाईला वाटेवरची गावे दिसतात, घाटापलीकडची दिसत नाहीत. त्या गावांतल्या एका अंगणवाडीचे छत दोन पावसाळे गळत होते, आणि ते मला सभागृहात मांडता आले नाही, कारण मला ते माहीतच नव्हते. याची खंत मला आजही आहे.

इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, प्राथमिक शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे, अंगणवाड्या, पशुवैद्यकीय दवाखाने ही सारी जिल्हा परिषदेच्या अखत्यारीतली कामे आहेत. यादी अधिकारी तयार करतात हे खरे, पण कोणत्या रस्त्याचे नाव यादीत वर आणि कोणत्याचे खाली, हे सर्वसाधारण सभेत आणि विषय समित्यांत भांडून ठरते. पंचायत समितीचा सभापतीही गणांतून निवडून आलेल्यांमधूनच होतो आणि तो जिल्हा परिषदेचा पदसिद्ध सदस्य असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानात आपल्या राज्यात ग्रामपंचायतीला ८० टक्के आणि पंचायत समिती व जिल्हा परिषदेला प्रत्येकी १० टक्के वाटा ठरला आहे. त्या दहा टक्क्यांतले काम सुचवणारा सदस्यच जागेवर नसेल, तर गावाने कोणाच्या दारात जायचे? प्रशासकाच्या काळात कार्यालये चालू राहिली हे आपण म्हणता ते बरोबर आहे, परंतु गेल्या तीन वर्षांत आमच्या भागातील लोकांनी हातात अर्ज घेऊन तालुक्याला घातलेल्या खेपा मी पाहिल्या आहेत. माहेरी फरशी पूल असलेली मुलगी मी आहे. मतदानाच्या दिवशी नदीला पाणी असेल की नाही याची काळजी आपल्याला पुण्यातून कळणार नाही, म्हणून ही रेषा कुठून जाते याची फिकीर गावाला करावीच लागते.

उत्तर: वकील (१८ जुलै)

कोणी न्यायालयात जाण्याचा विचार करत असेल तर एक बाब लक्षात घ्यावी. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ मुळे मतदारसंघांच्या सीमांकनासंबंधीच्या कायद्याच्या वैधतेला न्यायालयात आव्हान देता येत नाही, आणि निवडणुकीवर आक्षेप निवडणूक याचिकेद्वारेच घ्यावा लागतो. त्यातच सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी या रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घेण्याचे निर्देश दिलेले आहेत, त्यामुळे प्रक्रिया थांबवणारा आदेश मिळेल अशी आशा धरू नये. आपली खरी संधी हरकत आणि सुनावणी हीच आहे, तिथेच सर्व जोर लावावा.

प्रश्नकर्ता (२ नोव्हेंबर २०२५)

साडेतीन महिन्यांनी पुन्हा लिहीत आहे. इतक्या जणांनी वेळ दिला, त्यांना पुढे काय झाले ते कळायला हवे.

सोमवारी, २१ जुलैला दुपारी आम्ही तक्ता, पुराची अकरा छायाचित्रे आणि ५३८ सह्या घेऊन हरकत दाखल केली. रविवारी ६२० लोकवस्तीच्या गावात जाऊन बसलो होतो. त्यांना दोन्ही गण सारखेच असल्याने त्यांनी संमतीचे पत्र दिले. पलीकडच्या ७८० लोकवस्तीच्या गावात मात्र नदीला पाणी असल्यामुळे त्या दिवशी पोहोचता आले नाही आणि फोनवर बोलणे अर्धवट राहिले. सुनावणीच्या दिवशी त्या गावचे सरपंच समोर होते. त्यांचे म्हणणे असे की दुसऱ्या गणातील चार गावांची मिळून एक पाणीपुरवठा योजना आहे, तिचा पाठपुरावा एकाच सदस्याकडून व्हायला हवा, आणि आमच्या सोयीसाठी त्यांनी आपली वीण उसवावी हे त्यांना मान्य नाही. खरे सांगायचे तर त्यांची बाजू ऐकताना मला तिच्यात खोट काढता आली नाही. ऑगस्टमध्ये अंतिम रचना आली तेव्हा आमचे गाव पलीकडच्या गटातच राहिले होते. आमचा तक्ता वाचला गेला हे मात्र निश्चित, कारण निर्णयात चारही गणांचे आकडे नमूद होते आणि पर्यायी फेरबदलास संबंधित गावाची हरकत आहे असे कारण दिले होते.

पुढे १३ ऑक्टोबरला आरक्षणाची सोडत निघाली. आमचा गट सर्वसाधारण महिलेसाठी राखीव झाला. नव्या नियमांनी ही निवडणूक चक्रानुक्रमासाठी, म्हणजे आरक्षण आळीपाळीने फिरवण्यासाठी, पहिली धरली गेल्यामुळे जुन्या आरक्षणाचा हिशेब बाजूला पडला, आणि त्यावरून गावात बरीच चर्चा झाली; पण राज्यात निम्म्या जागा महिलांच्या आहेत आणि आमच्या दोन्ही गावांतून मिळून तीन भगिनी इच्छुक आहेत, त्यामुळे त्या चर्चेत मी फार पडलो नाही.

ज्यासाठी मुख्यतः लिहितो आहे ती गोष्ट वेगळीच आहे. ऑक्टोबरमध्ये प्रारूप मतदार यादी आली, तेव्हा येथील मार्गदर्शनाची आठवण ठेवून आम्ही चार जणांनी ग्रामपंचायतीत बसून ती पानापानाने तपासली. विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी गणानुसार तोडताना आमच्या छोट्या महसुली गावाचे ३४७ मतदार चुकून गटाच्या दुसऱ्या गणात गेले होते. मूळ गाव एका गणात आणि त्याच ग्रामपंचायतीचे दुसरे गाव दुसऱ्या गणात, अशी ती चूक होती. या यादीत नवी नावे घालता येत नाहीत, पण चुकीच्या गणात गेलेली नावे योग्य जागी आणता येतात, हे कार्यालयातही आम्हाला सांगण्यात आले. अंतिम रचनेच्या आदेशाची प्रत आणि यादीचा भाग क्रमांक जोडून हरकत दिली, आणि अंतिम यादीत सर्व ३४७ नावे आमच्या गणात आली आहेत.

आता मतदान केंद्राचा प्रश्न राहिला आहे. केंद्र आमच्याच शाळेत, नदीच्या अलीकडे असावे असा अर्ज दिला आहे. त्यासोबत आणखी काही जोडावे लागते का, एवढे सांगावे.

उत्तर: निवृत्त नायब तहसीलदार (२ नोव्हेंबर, रात्री)

गाव परत आले नाही याचे वाईट वाटले, परंतु ३४७ नावे जागेवर आली हे वाचून समाधान झाले. मतदानाच्या दिवशी ही चूक उघड झाली असती तर त्या मतदारांना आपल्या गणाचे मत देताच आले नसते. प्रत्येक मतदाराला दोन मते द्यायची असतात, एक गटासाठी आणि एक गणासाठी. गण चुकला की दुसरे मत भलत्याच उमेदवारांत जाते, हे गावात समजावून सांगा.

केंद्रासाठी शाळेच्या खोलीचे छायाचित्र, वीज, पाणी आणि उतारमार्ग यांचा मुख्याध्यापकांचा दाखला, आणि विधानसभेला त्याच शाळेत मतदान झाले असल्यास त्या केंद्राचा क्रमांक जोडा. अर्ज तहसील कार्यालयाच्या निवडणूक शाखेत द्या आणि त्याची एक प्रत निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांची नेमणूक होताच त्यांच्याकडेही पोहोचवा. उतारमार्ग नसेल तर ग्रामपंचायतीने तो आत्ताच बांधून घ्यावा, आठ दिवसांचे काम आहे.